उजेडाची मोजपट्टी

दुपार कलल्यावर दादरच्या पादचारी पुलाच्या कठड्याची सावली जिन्यावर पडलेली पुष्कळांनी पाहिली असेल. कठड्याचे गज सरळ असतात. परंतु त्यांची सावली पायऱ्यांवरून उतरताना जागोजागी मोडत जाते. खालच्या सपाट फलाटावर तीच सावली आखल्यासारखी सरळ पडते. गज वाकलेले नसतात, ऊनही वाकलेले नसते. वाकडातिकडा असतो तो सावली झेलणारा पृष्ठभाग. पायरी जितकी उंच, तितका सावलीचा मोड मोठा. तेव्हा हा मोड नीट मोजला, तर पायरीला हातही न लावता तिची उंची सांगता यावी. एवढ्या साध्या गोष्टीवर आज एका अत्यंत काटेकोर मोजमापपद्धतीची उभारणी झाली आहे. पृष्ठभागावर उजेडाचे समांतर पट्टे पाडावयाचे, ते कोठे किती सरकले हे पाहावयाचे, आणि त्यावरून त्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा बिंदू-बिंदूगणिक आकड्यांत मांडावयाचा, असे तिचे स्वरूप आहे.

अशा पद्धतीची गरज का पडावी, हा प्रश्न साहजिक आहे. टेबलाची लांबी-रुंदी गजाने मोजता येते, छातीचा घेर शिंप्याच्या फितीने कळतो. पण गालापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पृष्ठभाग कसकसा चढत जातो, हे कोणती फीत सांगणार? वळणदार वस्तूला लांबी, रुंदी आणि उंची एवढी तीनच मापे नसतात. तिच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचे माप असते, आणि अशी लक्षावधी मापे घेतल्यावाचून तिचा आकार खऱ्या अर्थाने नोंदला जात नाही.

परळची प्रसिद्ध शिवशिळा हे याचे चांगले उदाहरण आहे. १९३१ साली परळ भागात रस्त्याचे काम चालू असता ही शिळा उजेडात आली. ती तीन मीटरांहून अधिक उंच असून तिच्यावर एकातून एक उमलत गेल्यासारख्या सात शिवमूर्ती कोरलेल्या आहेत आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण आहेत. तिचा काळ अभ्यासक इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक असा धरतात. मूळ शिळा परळच्या बारादेवी मंदिरात आहे. तिची प्लास्टरची प्रतिकृती पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पाहावयास मिळते.

प्रतिकृती ही मोठ्या कसबाची गोष्ट खरी. परंतु साचा घ्यावयाचा म्हणजे दगडावर काही तरी लेप द्यावा लागतो, तो सुकू द्यावा लागतो आणि मग सोडवून काढावा लागतो. जीर्ण दगडाची एखादी खपली त्याबरोबर निघून येण्याचे भय असते. साचा तुकड्या-तुकड्यांनी घ्यावा लागतो, आणि प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते. शिवाय प्रतिकृती डोळ्यांना समाधान देते, आकडा देत नाही. मध्यवर्ती मूर्तीच्या खांद्याहून तिचे मनगट किती पुढे आले आहे, हे प्रतिकृतीवरही पुन्हा मोजावेच लागते. उजेडाच्या पट्ट्यांना यातले काहीच करावे लागत नाही. ते दगडावर पडतात आणि दिवा मालवताच नाहीसे होतात.

या पद्धतीचे मर्म घरच्या घरी पाहता येते. अंधाऱ्या खोलीत एका लहान दिव्यापुढे फणी धरावी. भिंतीवर दातांच्या सरळ सावल्या पडतील. आता मध्ये एक वाटी पालथी धरावी, आणि बाजूला सरून पाहावे. वाटीवरच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या दिसतील. परंतु पाहणाऱ्याने आपला डोळा दिव्याला अगदी लागून नेला, तर त्याच रेघा पुन्हा सरळ दिसू लागतील. कारण दिवा जेथून पाहतो तेथूनच डोळा पाहू लागला, तर उंचसखलपणा प्रकट होण्यास जागाच राहत नाही. प्रकाश एका ठिकाणाहून यावा आणि दृष्टी दुसऱ्या ठिकाणी असावी, ही या मापनाची पहिली अट होय. दिवा, डोळा आणि वस्तूवरील बिंदू यांचा जो त्रिकोण होतो, त्यातच सारे माप साठविलेले असते.

हे तत्त्व भूमापनशास्त्रात जुने आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमापनाचा आरंभ केला. पुढे याच रीतीने हिमालयाची शिखरे, त्यांच्यावर पाऊल न ठेवता, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून मोजली गेली. एका ज्ञात रेषेच्या दोन टोकांपासून शिखराकडे जाणारे कोन कळले की शिखराचे स्थान कळते. पट्ट्यांच्या पद्धतीत एका टोकाला दुर्बिणीऐवजी प्रकाश टाकणारा प्रक्षेपक असतो आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा. शिखराच्या जागी मूर्तीच्या ओठाची कड असते, एवढाच काय तो फरक.

एक उदाहरण घेऊ म्हणजे प्रमाण ध्यानात येईल. कॅमेरा शिळेसमोर सरळ उभा आहे, आणि पट्टे बाजूने तीस अंशांच्या तिरकस दिशेने येत आहेत. सपाट फळीवर एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंतचे अंतर दोन मिलिमीटर आहे. आता फळीच्या जागी कोरीव पृष्ठभाग आला आणि एखाद्या बिंदूवर पट्टे बरोबर एका पट्ट्याइतके सरकलेले दिसले, तर तो बिंदू फळीहून सुमारे साडेतीन मिलिमीटर पुढे किंवा मागे आहे, असे साधी त्रिकोणमिती सांगते. पुढे की मागे, हे पट्टे कोणत्या दिशेने सरकले त्यावरून कळते.

एकच प्रकाशरेषा वस्तूवरून सावकाश फिरवीत नेण्याची पद्धत या पद्धतीची सख्खी बहीण होय. १९९९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी फ्लॉरेन्स येथे मायकेलअँजेलोने घडविलेला डेव्हिडचा पुतळा लेसरच्या अशा रेषेने मोजला. त्या वेळी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. बहुतेक ग्रंथांत या पुतळ्याची उंची ४३४ सेंटिमीटर दिलेली होती. प्रत्यक्षात ती ५१७ सेंटिमीटर भरली. ज्या पुतळ्यापुढे शतकानुशतके रसिक उभे राहिले, त्याच्या उंचीतच पाऊण मीटरहून अधिक चूक पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आली होती. पाहणे आणि मोजणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

एकेक रेषा फिरविण्यापेक्षा सर्व पृष्ठभागावर एकदम पट्टे पाडले तर काम पुष्कळ झपाट्याने होते. या कल्पनेचा एक जुना धागा कापडाच्या दुनियेतून येतो, आणि गिरणगावाच्या वाचकांना तो परका वाटू नये. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत; परंतु तलम मलमलीचे दोन पदर एकावर एक धरले असता त्यांत पाण्यासारख्या लाटा हलताना दिसतात, हे कापड हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या लाटा कोणत्याही एका पदरात नसतात. दोन्ही पदरांचे धागे किंचित मागेपुढे झाल्याने त्या उमटतात, आणि धाग्यांतला अतिसूक्ष्म फरक मोठा करून दाखवितात. अशाच पाणीदार रेशमाच्या फ्रेंच नावावरून या आविष्कारास मॉयरे म्हणतात. बारीक रेघा आखलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवून त्या लाटांवरून रेघांची अचूकता पारखावी, ही सूचना लॉर्ड रॅले यांनी १८७४ साली केली होती.

१९७० साली जपानचे ताकासाकी यांनी हीच युक्ती आकार मोजण्याकडे वळविली. वस्तूपुढे समांतर रेघांची जाळी ठेवावयाची आणि एका बाजूने दिवा लावावयाचा. मग जाळीची सावली वस्तूवर पडून वळते, आणि ती सावली त्याच जाळीतून पाहिली असता वस्तूवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलये उमटतात. मनुष्याच्या पाठीवर ही वलये पाडली तर कण्याच्या दोन्ही बाजूंस ती सारखी दिसली पाहिजेत. कणा एकीकडे वळत असेल तर ती विषम होतात. वाढत्या वयाच्या मुलांत हा दोष लवकर ध्यानात यावा म्हणून जपानमधील शाळांत पुढे या रीतीने तपासण्या झाल्या. त्यात मुलाला वेदना नाही आणि क्षकिरणांचा मारा नाही.

तथापि समोच्च रेषांना एक मर्यादा आहे. दोन रेषांच्या मधल्या जागेत काय आहे, हे त्या सांगत नाहीत. इतकेच नव्हे, तर वलयांच्या मधोमध टेकडी आहे की खळगा, हेही नुसत्या वलयांवरून निश्चित होत नाही. अचूक मापनाची खरी वाट उघडली ती पट्टे मोजण्याऐवजी पट्ट्याचा अंश मोजता येऊ लागल्यावर. १९८४ साली श्रीनिवासन, लिउ आणि हॅलिउआ या तीन शास्त्रज्ञांनी ही रीत खडबडीत वस्तूंच्या आकारासाठी वापरून दाखविली, आणि पुढील बहुतेक यंत्रे त्याच मार्गाने गेली.

या रीतीत पट्टे काळे-पांढरे नसतात. उजेड भरतीसारखा हळूहळू वाढतो आणि ओहोटीसारखा हळूहळू ओसरतो. त्यामुळे पट्ट्याच्या प्रत्येक भागाला स्वतःची अशी एक कला असते, जशी चंद्राला प्रत्येक तिथीस असते. पण येथे एक अडचण उभी राहते. आकाशात अर्धा चंद्र दिसला तर ती शुद्ध अष्टमी की वद्य अष्टमी, हे नुसत्या उजेडाच्या प्रमाणावरून सांगता येत नाही. तद्वत् एकाच छायाचित्रात एखादा बिंदू मध्यम उजळ दिसला, तर तेथे उजेड चढता आहे की उतरता, हे कळत नाही. त्यातही तो बिंदू मुळातच काळसर दगडाचा आहे की पांढऱ्या दगडाचा, हा संशय आहेच.

यावरील उपाय असा की, तेच पट्टे दर वेळी पाव पट्ट्याइतके सरकवून एकूण चार छायाचित्रे घ्यावयाची. कॅमेरा आणि वस्तू दोन्ही जागची हलता कामा नयेत. समजा, एका बिंदूचा उजेड चार चित्रांत अनुक्रमे १५२, ७०, ४८ आणि १३० असा भरला. पहिल्यातून तिसरा वजा करता १०४ उरतात, चौथ्यातून दुसरा वजा करता ६०. साठाला एकशे चारांनी भागले की सुमारे ०.५८ येतात, आणि स्पर्शज्येच्या कोष्टकात हा आकडा तीस अंशांचा, म्हणजे पूर्ण पट्ट्याच्या बाराव्या हिश्शाचा आहे. शेजारचा बिंदू समजा धुराने काळवंडलेला आहे आणि तेथे निम्माच उजेड परततो. तेथील आकडे ७६, ३५, २४ आणि ६५ असे येतील. वजाबाक्या ५२ आणि ३०. भागाकार पुन्हा तोच. दगडाचा रंग भागाकारात नाहीसा झाला, खोलीतला इतर स्थिर उजेड वजाबाकीत नाहीसा झाला, आणि उरला तो केवळ आकार. वजाबाकी धन आली की ऋण, यावरून चढता उजेड कोणता आणि उतरता कोणता हेही ठरते. या पद्धतीचे सारे सौंदर्य या साध्या अंकगणितात आहे.

मघाच्या उदाहरणात एका पूर्ण पट्ट्याला साडेतीन मिलिमीटर होते. बारावा हिस्सा म्हणजे सुमारे तीन दशांश मिलिमीटर. चांगल्या यंत्राने पट्ट्याचा शंभरावा हिस्सा वाचता आला, तर माप एका मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागापर्यंत जाऊन पोहोचते. छिन्नीची एकेक घाव-रेघ त्यात नोंदली जाते.

मात्र कला कळली म्हणजे सगळे कळले असे नव्हे. गिरगावातल्या एखाद्या चाळीत पाहुणा यावा आणि त्याने नुसते ‘बारा नंबरची खोली’ म्हणून विचारावे, तर त्याला कोण वाट दाखविणार? बारा नंबरची खोली तर चाळीगणिक आहे. चाळीचे नाव कळले तरच खोलीच्या क्रमांकाला अर्थ. कला ही खोलीचा क्रमांक आहे. पट्टा कितवा, हे चाळीचे नाव. पृष्ठभाग हळुवार चढत असेल तर शेजारच्या बिंदूंवरून पट्टे मोजीत जाता येते. पण मूर्तीचा हात धडापासून एकदम पुढे आला असेल तर मधले पट्टे दिसतच नाहीत आणि मोजणी चुकते. म्हणून आणखी काही चित्रे घेतात. त्यांत निव्वळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रमाने बारीक होत जाणारे नमुने असतात. सात चित्रांत एखादा बिंदू कोणत्या क्रमाने उजळला आणि काळवंडला, हे पाहिले की १२८ पट्ट्यांपैकी तो कोणत्या पट्ट्यात आहे हे ठरते. एका पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात जाताना सातांपैकी एकाच चित्रात फरक पडावा, अशी त्यांची मांडणी असते. म्हणजे सीमेवरच्या बिंदूची गफलत झाली तरी ती एका घराहून अधिक होत नाही. ही मांडणी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाते.

येथवर वाचून असा समज होण्याचा संभव आहे की, उत्तम कॅमेरा आणि प्रक्षेपक आणले की अचूक माप हाती आलेच. तसे नाही. बारकावा आणि अचूकता या भिन्न वस्तू होत. सेकंदकाटा असलेले घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर ते सेकंद दाखवील खरे, पण वेळ चुकीचीच सांगेल. तद्वत् यंत्र मिलिमीटरचे शंभर भाग दाखवीत असले, तरी कॅमेरा व प्रक्षेपक यांच्यातील अंतर आणि कोन चुकीचे धरले गेले असतील, तर संपूर्ण आकारच किंचित ताणला किंवा दबला जाईल. म्हणून कामाला आरंभ करण्यापूर्वी यंत्र पारखून घ्यावे लागते. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची फळी निरनिराळ्या अंतरांवर आणि कोनांत धरून चित्रे घेतात. मग ज्याचा व्यास आधीच ठाऊक आहे असा गोल मोजून उत्तर जुळते की नाही ते पाहतात. प्रक्षेपकाचा उजेड सांगितलेल्या प्रमाणात वाढत नसेल, तर सपाट पृष्ठभागावरही पट्ट्यांच्याच तालात खोट्या लाटा उमटतात. दगडात नसलेल्या लाटा दगडाच्या माथी मारणे, ही या कामातील सर्वांत लाजिरवाणी चूक होय, आणि ती पारख न केल्यानेच होते.

वस्तूच्याही काही खोड्या असतात. तेलाने किंवा हातांच्या घर्षणाने चकचकीत झालेली मूर्ती आरशासारखी उजेड परतविते आणि पट्टे दिसेनासे होतात. यंत्राच्या सुट्या भागांवर अशा वेळी पांढरी भुकटी उडवितात; पूज्य किंवा पुराण वस्तूवर ते करता येत नाही, म्हणून कमी-अधिक उजेडात अनेक चित्रे घेऊन भागवावे लागते. संगमरवर, मेण आणि मनुष्याची त्वचा यांत प्रकाश थोडा आत शिरून मग परततो, त्यामुळे पट्टा पुसट होतो. खोल कोरीव कामाच्या कपारीत प्रक्षेपकाचा उजेड पोहोचला तरी कॅमेऱ्याची दृष्टी पोहोचत नाही. म्हणून यंत्र वेगवेगळ्या जागी मांडून अनेक अंगांनी मापे घ्यावयाची आणि त्यांच्या कडा एकमेकींवर जुळवून सलग आकार साधावयाचा. रस्त्यावरून जाणाऱ्या अवजड वाहनाने जमीन हादरली तरी चार चित्रांचा मेळ बिघडतो. ज्याला स्थिर ठेवणे शक्य नाही, उदाहरणार्थ श्वास घेणारे मूल, त्याच्यासाठी एकाच चित्रातून कला काढण्याची गणिती युक्ती ताकेदा आणि मुतोह यांनी १९८३ साली मांडली.

आज ही पद्धत अनेक क्षेत्रांत रुळली आहे. विमानाच्या इंजिनाची पाती आराखड्याबरहुकूम घडली की नाहीत, हे तिने पाहतात. दंतवैद्य दाताच्या टोपीसाठी तोंडात लगदा भरून साचा घेण्याऐवजी प्रकाशाने माप घेऊ लागले आहेत. कृत्रिम पाय बसवावयाचा तर उरलेल्या अवयवाचा आकार त्याला न दाबता मिळणे फार मोलाचे असते. कारण हाताने दाबले की मांस सरकते, आणि सरकलेल्या मांसाच्या मापाने केलेली खोबण पुढे रोज टोचत राहते.

परंतु जुन्या दगडांच्या बाबतीत तिचे मोल आणखी निराळे आहे. पश्चिम किनाऱ्याची हवा खारी आहे, पावसाळा दीर्घ आहे, आणि शहराचा धूर त्यात मिसळतो. दगड एका दिवसात झिजत नाही, म्हणून तो झिजतो आहे हे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. ज्याने तीस वर्षांपूर्वी मूर्ती पाहिली तोही शपथेवर सांगू शकत नाही की, तेव्हा तिच्या अलंकारांची कड अधिक धारदार होती. छायाचित्रात प्रकाश बदलला की कड बदललेली भासते. पण आज घेतलेले बिंदू-बिंदूचे माप जपून ठेवले, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तितक्याच काटेकोरपणे पुन्हा घेतले, तर एकातून दुसरे वजा करता येते. जेथे बाकी शून्य उरेल तेथे दगड सुरक्षित आहे. जेथे उरणार नाही तेथे काय गेले आणि किती गेले हे मिलिमीटरच्या अंशांत हाती येते, आणि ते सगळे जाण्यापूर्वी हाती येते.

म्हणून पहिले माप वेळेवर घेतले जाणे, तेच सर्वांत महत्त्वाचे. दुसरे माप कितीही उत्तम यंत्राने घेतले, तरी पहिले नसेल तर वजाबाकी कशातून करावयाची? परळच्या शिळेवरील तो अनाम शिल्पकार चौदा-पंधरा शतकांपूर्वी आपले काम ठेवून गेला. ते किती उरले आहे, हे पुढच्या पिढ्यांना नेमके सांगता यावे असे वाटत असेल, तर उजेडाची ही मोजपट्टी दगड शाबूत असतानाच त्यावर धरली गेली पाहिजे.